चार टँक आणि एक रिले: मास्टर्स स्विमिंगमधल्या क्लबच्या नियमाचं एक प्रकरण

मास्टर्सच्या, म्हणजे २५ च्या पुढच्यांच्या, नॅशनलला महाराष्ट्राकडून एकत्र मेडले रिले (चौघांनी एकेक वेगळा स्ट्रोक पोहायची ती) पोहलेले चार जण २०२५ ला सिंगापूरच्या वर्ल्ड मास्टर्सला तीच रिले घेऊन जायचं ठरवतात आणि एन्ट्रीच्या फॉर्मवर 'क्लब' या रकान्यापाशी येऊन अडकतात, एवढंच हे प्रकरण. पण त्या एका रकान्यावरून दीड-दोन महिने जो गोंधळ चालला तो बघता हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण पुढच्या वेळी दुसरे कोणीतरी चार जण बरोब्बर इथेच अडकणार आहेत.

नावं देत नाही, गावावरून ओळखू. ठाणेकर, वय ५६, बॅकस्ट्रोक, पालिकेच्या टँकवर सकाळच्या बॅचला पोहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. पुणेकर, ५१, ब्रेस्टस्ट्रोक, एका जुन्या क्लबात लहानपणापासून. कोल्हापूरकर, ४७, बटरफ्लाय, स्वतः मुलांची कोचिंग बॅच चालवतात म्हणून 'सर'. आणि मुंबईकर, ४०, फ्रीस्टाइल, एका जिमखान्याचा मेंबर, चौघांत सगळ्यात फास्ट. पाचवा एक आहे, नाशिककर, वय ४६, राज्याच्या टीममध्ये तो राखीव होता. त्याचं काम पुढे येईल. फॉर्म भरायचं आणि नियमांच्या पीडीएफ वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण पाण्यात माझा कोणाला उपयोग नव्हता.

आता मूळ गैरसमज कुठे झाला ते सांगतो. आपल्याकडे मास्टर्स नॅशनल ही राज्यांची स्पर्धा असते. तुम्ही कुठल्याही टँकवर पोहा, तिथे गेलात की महाराष्ट्र, कर्नाटक, पश्चिम बंगाल असं नाव लागतं, रिलेची टीमही राज्याची. त्यामुळे चौघांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की आपण नॅशनलला महाराष्ट्र तर वर्ल्डला भारत, ज्युनिअर-सिनिअरच्या पोरांसारखं. काकांनी तर पाठीवर इंडिया लिहिलेल्या टी-शर्टचं कोटेशनपण आणलं होतं. आणि मास्टर्सचा आंतरराष्ट्रीय नियम नेमका उलटा आहे. वर्ल्ड मास्टर्सला कोणी देशाकडून पोहत नाही. एन्ट्री क्लबच्या नावाने होते, कुठल्याही माणसाला किंवा टीमला देशाचा किंवा फेडरेशनचा प्रतिनिधी म्हणायचं नाही असं नियमातच आहे. देश दिसतो तो फक्त तुमचा क्लब कुठल्या फेडरेशनच्या छत्राखाली आहे हे कळावं म्हणून.

यामागचा विचार मला पटतो खरं तर. २५ च्या पुढचा कोणीही येऊन पोहू शकतो अशी ही स्पर्धा, सिलेक्शन नाही, मग देशाची टीम ठरवणार कोण आणि कशावरून? त्यापेक्षा रोज जिथे पोहता त्या क्लबचं नाव लावा आणि या.

पण रिलेला हाच नियम टोचतो. रिलेतले चारही जण एकाच क्लबचे हवेत, आणि एका स्विमरला एकाच क्लबकडून पोहता येतं. ही दोन वाक्यं वेगवेगळी वाचली की साधी वाटतात, एकत्र वाचली की खरी गाठ कळते. म्हणजे असं नाही चालत की ५० मीटर फ्रीस्टाइल मी माझ्या जिमखान्याच्या नावाने पोहीन आणि रिलेपुरता तुमच्यात येईन. रिलेसाठी क्लब बदलला की तुमच्या वैयक्तिक सगळ्या इव्हेंटच्या निकालातही तोच क्लब.

ग्रुपवर हे टाकल्यावर पहिली प्रतिक्रिया काकांची आली, "अरे मग लिही ना महाराष्ट्र, तो काय देश आहे का." मुद्दा चूक नव्हता, महाराष्ट्र देश नाही, पण तो क्लबही नाही. राज्य संघटना म्हणजे खालच्या संस्थांची संघटना, रोज सकाळी सहाला तिच्या टँकवर जाऊन कोणी पोहत नाही. चौकशी केली तर हेच कळलं की क्लबचं नाव द्या. आणि काकांची खरी अडचण तर त्याहून मोठी होती, त्यांना क्लबच नव्हता! पालिकेच्या टँकची सकाळची बॅच ही क्लब नसते, तिथे पास असतो. बारा वर्षं एकाच टँकवर एकाच लेनमध्ये पोहणारा माणूस कागदावर कोणाचाच नाही, हे त्यांना फारच लागलं.

मग पर्याय निघाले. सगळ्यांनी पुणेकरांच्या क्लबमध्ये जायचं, किंवा नवीन क्लब काढायचा, किंवा रिले सोडून आपापलं वैयक्तिक पोहून यायचं.

नवीन क्लबचा उत्साह सगळ्यात जास्त होता, नावंपण सुचवून झाली, लोगो कोणाच्या तरी मुलीने करून दिला. पण क्लब म्हणजे लोगो नाही. संस्था नोंदवा, घटना लिहा, पदाधिकारी ठरवा, बँकेत खातं काढा, मग जिल्हा संघटनेकडे संलग्नता मागा, आणि जिल्हा कुठला? चौघं चार जिल्ह्यांचे. एन्ट्रीची मुदत डोक्यावर असताना हे होणारं नव्हतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की क्लब काढायचा तर स्पर्धा नसलेल्या वर्षात काढावा, एन्ट्रीच्या सीझनमध्ये काढलेला क्लब हा क्लब नसतो, ती फक्त एक अ‍ॅडजस्टमेंट असते आणि पहिल्या भांडणात मोडते.

पुणेकरांचा जुना क्लब आम्हाला घ्यायला तयार झाला. मेंबरशिप फी भरा, टोपी आमची घाला, बाकी काही नाही. काकांनी त्याच दिवशी फी भरली. टी-शर्टचं कोटेशन रद्द.

कोल्हापूरच्या सरांचा प्रश्न वेगळा होता. ते म्हणाले, "माझ्या पोरांचे पालक रिझल्ट बघतात. त्यात माझ्या नावापुढे पुण्याचा क्लब दिसला तर उद्या विचारतील सर तुम्ही तिकडे शिकवता का." बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, पण ज्याचं पोट कोचिंगवर आहे त्याच्यासाठी निकालाच्या शीटवरचं नाव ही जाहिरातच असते. सरांनी आठवडाभर घेतला आणि मग हो म्हणाले, एका अटीवर की पुण्याच्या क्लबने त्यांना एक पत्र द्यावं की हे आमच्याकडून फक्त मास्टर्स स्पर्धेपुरते मेंबर आहेत, कोच नाहीत. पत्र मिळालं. (ते पत्र त्यांच्या टँकच्या नोटीस बोर्डावर अजून आहे असं ऐकतो.)

मुंबईकरापाशी मात्र गाडी थांबली. त्याचा जिमखाना त्याच्या तिकिटाचा निम्मा खर्च देणार होता, निकालात जिमखान्याचं नाव आलं तरच. त्यात चूक कोणाची म्हणायची? जिमखान्याने मेंबरांच्या पैशातून दुसऱ्या क्लबच्या रिलेला का पैसे द्यावेत. त्याने परत परत विचारलं, "वैयक्तिक जिमखान्याकडून आणि रिले तुमच्याकडून, काहीच मार्ग नाही का?" नाही. मग त्याने उलटा प्रस्ताव ठेवला, तुम्ही सगळे माझ्या जिमखान्याकडून पोहा. पण जिमखान्याची मेंबरशिप काही महिनाभरात आणि पाच-दहा हजारात मिळणारी गोष्ट नाही, तिथे वेटिंग लिस्ट असते आणि डिपॉझिटचा आकडा ऐकून काका हसायलाच लागले.

इथे जरा बाजूला जाऊन अमेरिकेत याचं काय करतात ते सांगतो, कारण हाच प्रश्न तिकडे खूप आधी आला. तिथलं मास्टर्स स्विमिंग सुरू झालं १९७० ला, टेक्सासमधल्या अमॅरिलोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा फक्त ४६ स्विमर होते. आज यूएस मास्टर्स स्विमिंगच्या ५२ स्थानिक समित्या आहेत आणि त्यांच्याखाली क्लब. तिकडेही रिले एकाच क्लबच्या चौघांची, आणि ज्याला क्लब नाही तो 'अनअटॅच्ड' म्हणून वैयक्तिक पोहू शकतो पण रिले नाही, म्हणजे आमचे काका तिथेही बाहेरच. मग छोट्या छोट्या टँकवर पाच-सात जण पोहणाऱ्यांनी काय करायचं? तर त्यांनी एक सोय काढली, क्लब मोठा करा, अख्ख्या राज्याचा किंवा भागाचा एक क्लब, आणि तुमचा रोजचा टँक हा त्याखालचा 'वर्कआउट ग्रुप'. रोजची ओळख ग्रुपची, रिलेची टीम क्लबची. आमच्या चौघांना बसल्या जागी हेच हवं होतं.

पण या सोयीने तिकडे दुसरं भांडण उभं राहिलं. त्यांच्या नॅशनलला पहिल्या १० नंबरांना गुण मिळतात आणि रिलेचे गुण दुप्पट. मग राज्यभराचा एक क्लब येतो, त्याच्याकडे प्रत्येक वयोगटाला रिले लावायला माणसं, आणि एका टँकवर पोहणाऱ्या तीस जणांच्या क्लबचं त्याच्यापुढे काय चालणार. त्यामुळे क्लबांचे दोन वर्ग केले गेले, एक स्थानिक क्लबांचा आणि एक प्रादेशिक, आणि टीमचे गुण वेगवेगळे धरायला लागले. मला हे शहाणपणाचं वाटतं. मोठा क्लब रिलेसाठी लागतो, चषकासाठी नाही, म्हणून रिलेला मुभा द्या आणि चषकाला वेगळी रांग लावा. तरी काही जण कुरकुरतातच, ते चालायचंच.

आणि मोठ्या क्लबची खरी गरज चाळिशी-पन्नाशीवाल्यांना नसते, ती म्हाताऱ्यांना असते. मीटरच्या पूलमध्ये रिलेचे गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर असतात, १००-११९, १२०-१५९, १६०-१९९, २००-२३९ असं चढत ३२०-३५९ आणि ३६०-३९९ पर्यंत. आता ३६० म्हणजे सरासरी नव्वदी! नव्वदीचे चार पोहणारे एकाच टँकवर कुठून आणणार, जिल्ह्यातसुद्धा मिळायचे नाहीत. अख्खा प्रदेश एक क्लब धरला तरच अशी टीम जमायची थोडीफार शक्यता. क्लबचा नियम अगदी घट्ट केला तर हे वरचे गट कागदावरच राहतील.

उलट बाजूही आहे. एकाच क्लबची अटच काढून टाकली तर काय होईल ते दिसतंच, आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत चार फास्ट माणसं एकमेकांना भेटणार, टीमला काहीतरी नाव देणार आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करून आपापल्या विमानात बसणार. वर्षभर एका लेनमध्ये एकमेकांच्या लाथा खात पोहलेल्या टीमने मग काय करायचं. म्हणून अमेरिकेत क्लब बदलला की काही दिवस अनअटॅच्ड पोहायला लावतात, उठसूट उड्या मारू नयेत म्हणून. त्यामुळे नियम मूर्खपणाचा आहे असं म्हणणाऱ्यांत मी नाही, तो फक्त आपल्याकडच्या रचनेला बसत नाही, आपली सगळी रचना जिल्हा-राज्य-देश अशी आणि मास्टर्सची मात्र टँकपासून थेट जगापर्यंत, मधलं काही नाही.

तर परत सिंगापूर. मुंबईकर रिलेतून बाहेर पडला. चिडून नाही, सरळ ग्रुपवर लिहिलं की खर्च झेपणार नाही, मी जिमखान्याकडून वैयक्तिक पोहतो, तुम्हाला ओरडून चिअर करीन. आता फ्रीस्टाइलला कोण? नाशिककर. त्याला क्लबचं बंधन नव्हतं, स्वतःच्या कॉलनीतल्या टँकवर एकटा पोहायचा, एका दिवसात पुण्याच्या क्लबचा मेंबर झाला. फक्त ५० मीटरला तो मुंबईकरापेक्षा चांगलाच मागे. ग्रुपवर सुतकी शांतता. सरांनी तर विचारलंच की मग जायचंय कशाला रिलेला, हजेरी लावायला?

आणि इथे ती वयाची बेरीज कामाला आली, जी तोपर्यंत कोणी केलीच नव्हती. वर्ल्ड मास्टर्सला वय धरतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे होईल ते. मी वर दिलेली वयं तशीच धरलेली आहेत. मूळ चौघं: ५६, ५१, ४७, ४०, बेरीज १९४. म्हणजे १६०-१९९ च्या गटात, आणि त्या गटात हे सगळ्यात म्हाताऱ्यांपैकी, समोर सरासरी चाळिशीच्या टीम. आता मुंबईकराचे ४० काढा आणि नाशिककराचे ४६ घाला. २००. बरोब्बर २००! गट बदलला, २००-२३९, आणि त्या गटात हे सगळ्यात तरुण. समोर पन्नाशीच्या पुढच्या सरासरीच्या टीम. नाशिककर जेवढे सेकंद घालवणार होता त्याहून जास्त सेकंद गट बदलल्याने परत मिळत होते. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "म्हणजे म्हातारपण कमी पडत होतं."

(हीच टीम अमेरिकेत यार्डात मोजलेल्या लांबीच्या पूलमध्ये पोहली असती तर बेरजेचा काही उपयोग नव्हता. तिकडे यार्डात रिलेचा गट सगळ्यात लहान माणसाच्या वयावर ठरतो, २५ च्या पुढे, ३५ च्या पुढे, ४५ च्या पुढे असा. मुंबईकरासकट ३५ चा गट, नाशिककरासकट ४५ चा. मीटरमध्ये बेरीज, यार्डात धाकटा. योगायोगाने आपल्या टीमला दोन्हीकडे फायदाच होता, पण नेहमी असं जुळत नाही, ५५-५५-५५-३० अशी टीम मीटरमध्ये १९५ होते आणि यार्डात तीस वर्षांच्या पोरांत जाऊन पडते.)

चौघं सिंगापूरला गेले, पुण्याच्या क्लबच्या टोप्या घालून ४ गुणिले ५० मेडले पोहले. पदकाच्या जवळपास नव्हते, ते आधीपासून माहीत होतं, जपान आणि युरोपातले म्हातारे काय पोहतात ते बघितलं की आपण गप्प बसतो. पण टीम शेवटची नव्हती, डिसक्वालिफाय झाली नाही, नाशिककराचा टेकओव्हर (आधीच्याने भिंतीला हात लावल्यावर मारायची उडी) अगदी काठावर होता पण सुटला. मुंबईकर स्टँडमधून खरंच ओरडत होता. आणि निकालाच्या शीटवर पुण्याचा क्लब असला तरी कोल्हापुरात जो फ्लेक्स लागला त्यावर सरांच्या बॅचचंच नाव होतं, पुण्याचा उल्लेख शोधूनही सापडला नाही. पुणेकरांना कोणीतरी फोटो पाठवला. त्यांनी त्यावर अंगठा दाखवला, बास.

मुंबईकराच्या बाजूने एक सांगायला हवं, कारण नंतर दोन-तीन जणांनी त्याला 'टीम सोडून गेला' असं म्हटलं. हे चूक आहे. क्लबशी प्रामाणिक रहा असं सांगणारा नियम आणि त्या नियमाप्रमाणे वागलेला माणूस, त्याला दोष कसा देता येईल. ज्यांना क्लबच नव्हता त्यांना उडी मारणं सोपं होतं, काका आणि नाशिककर यांना सोडण्यासारखं काही नव्हतंच. ज्याचे संबंध खरोखर एका क्लबशी आहेत त्यालाच हा नियम महाग पडतो.

आता पुढचं. सिंगापूरहून आल्यावर एक नवीन मास्टर्स क्लब नोंदवायचं काम सुरू झालंय, यावेळी घाई नाही, वर्षभर हातात आहे. कल्पना अमेरिकेतल्या वर्कआउट ग्रुपसारखीच, मुळात जो तो आपापल्या टँकवर, नावही तिथलंच सांगायचं, फक्त मास्टर्सच्या आंतरराष्ट्रीय एन्ट्रीला हा एक क्लब. जिल्हा पुणे धरलाय कारण कोणाचं तरी घर पत्त्याला द्यावं लागतं. महिलांची टीमही यात आणायची आहे, मिक्स्ड रिलेला दोन पुरुष दोन महिला लागतात आणि त्याही त्याच क्लबच्या, त्यामुळे आत्ता नाही घेतल्या तर परत तेच. मुंबईकराच्या जिमखान्याशी बोलणी चालू आहेत, एका वर्षी त्यांच्याकडून आणि एका वर्षी आमच्याकडून असं काही जमतंय का बघतोय. माझा अंदाज, जमेल.

पण या क्लबची घटना लिहायला बसलो आणि एका कलमावर अडलो, रिलेच्या टीममध्ये कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या. २०२७ ची स्पर्धा बुडापेस्टला. तोपर्यंत प्रत्येकाचं वय दोनने वाढणार, म्हणजे टीमचं आठने. मूळ चौघं तेव्हा १९४ चे २०२ होतात, आणि नाशिककरासकटची टीम २०८. दोन्ही एकाच गटात, २००-२३९. म्हणजे नाशिककराच्या वयाचा जो फायदा सिंगापूरला होता तो बुडापेस्टला शून्य, आणि मुंबईकर आला तर फ्रीस्टाइलला निव्वळ सेकंद बघून त्यालाच घ्यायला हवं. नाशिककर नसता तर सिंगापूरची रिलेच झाली नसती, क्लबची पहिली फी भरणाऱ्यांत तो आहे. सर म्हणतात टाइम ट्रायल घ्या, जो फास्ट तो टीममध्ये, विषय संपला. काका म्हणतात जो आधी आला त्याचा पहिला हक्क. मी म्हटलं काहीही ठरवा पण ते मुंबईकराच्या जिमखान्याचं उत्तर यायच्या आधी लिहून सह्या करा, नंतर लिहिलंत तर कलम नियमाचं राहणार नाही, माणसाचं होईल. मसुद्यात ते कलम अजून कोरं आहे आणि रविवारी मीटिंग आहे.